पट्ट्याची गाठ

गंगापूर रोडवरच्या माझ्या कराटे क्लासला एक बाई एसटीची ड्यूटी संपवून थेट येतात. गाव हरसूलकडचं, वय पस्तिशीचं. रांगेत मुलं रेंगाळली की कंडक्टरच्या सवयीनं म्हणतात, "चला, पुढं सरका!" स्वतः मात्र मागे, पिवळ्या पट्ट्याच्या पोरांत उभ्या. कधी तोल गेलाच तर इतक्या अलगद पडतात, की मला नवल वाटायचं.

माझा नियम कडक आहे. दुसऱ्या प्रकारातला काळा पट्टा असला, तरी इथे सुरुवात पांढऱ्यापासून. परवा एक गृहस्थ तायक्वांदोचा काळा पट्टा बांधून आले आणि नियम ऐकून भडकले. "सात वर्षं घाम गाळलाय, सर. आता या पोरांच्या मागे उभा राहू?"

मी काही बोलायच्या आत या बाई रांगेतून निघाल्या आणि त्यांनी पिशवीतून एक काळा पट्टा काढला. कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या.

"ज्युडोचा हाय," त्या म्हणाल्या. "तो कुठं जात नाय, दादा. पण कराटेतलं मला अजून लय शिकायचंय."

गृहस्थांनी आपला पट्टा सोडला आणि पांढरा घेतला. माझी छाती अभिमानानं फुगली आणि लगेच कानही तापले. वर्षभर मला या पट्ट्याचा पत्ता नव्हता. पहिल्या दिवशी तर याच बाईंना मी गाठ कशी मारायची ते तीनदा दाखवलं होतं. मग त्यांनी स्वतः मारून विचारलं होतं, "बरोबर हाय ना, सर?"