जेवायला बसलेली बेसबॉलची युनियन

आमच्या वॉटरफोर्डच्या घरात गेलं वर्षभर अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंची युनियन रोज जेवायला असते. नवरा ॲथलोनला स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं मास्टर्स करतोय, आणि प्रबंधाला त्यानं विषय घेतलाय त्या युनियनच्या पुढाऱ्यांचा. अरे, आयर्लंडमध्ये राहतोस तर इथल्या हर्लिंगच्या खेळावर लिही, नाशिकचा आहेस तर क्रिकेटवर लिही. पण नाही. हॉस्पिटलमधून दमून यावं, ताट वाढून घ्यावं, की समोर व्याख्यान सुरू.

ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. एकेकाळी म्हणे तिथल्या खेळाडूनं एका मालकाकडे सही केली की तो जन्मभर त्याचाच. मालकानं विकला तर जायचं, ठेवला तर राहायचं. आणि खेळाडूंना त्याचं काही वाटायचंही नाही! खेळायला मिळतंय, वर पगारही मिळतोय, युनियन काय ती कारखान्यातल्या लोकांसाठी. मग पोलाद कामगारांच्या युनियनमधला एक माणूस त्यांचा पुढारी झाला. आल्या आल्या त्यानं संपबिंप काही केला नाही. सरावाच्या एकेका मैदानावर जाऊन तो खेळाडूंशी नुसता बोलत बसला. मालकाशी एकेकट्यानं बोलायचं नाही, एवढं त्यांच्या डोक्यात शिरायलाच काही वर्षं गेली. पुढे हीच माणसं अशी एकजुटीनं उभी राहिली, की मालकांना आजही त्यांना विचारल्याशिवाय पान हलवता येत नाही.

"मोठ्या खेळाडूंना तर युनियनची गरजच नव्हती गं," नवरा पोळीचा तुकडा हवेत नाचवत म्हणायचा, "तरी ते बाकावरच्या राखीव पोरांसाठी उभे राहिले. लीडरशिप म्हणतात ती ही!"

"जेव आधी," मी म्हणायचे.

अशातच नाशिकहून फोन आला. आईची बायपास ठरली होती. मी एकुलती एक, बाबा नाहीत. मी लगेच रजा मागायला गेले. आमच्या ड्यूट्यांचं रोस्टर सांभाळणारी बाई तोंडभर हसली. "ग्रँड! तुझ्या ड्यूट्यांना कोणी शोध, मग खुशाल जा."

खरं तर बदली डॉक्टर आणणं हे हॉस्पिटलचं काम. पण आम्ही महाराष्ट्रातून आलेले डॉक्टर भारी समंजस ना! आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तू माझा शनिवार घे, मी तुझा गणपती घेतो, असं सगळं तिथे परस्पर मिटतं. बाईंना कळतसुद्धा नाही की इथे माणसं कमी आहेत. डॉक्टरांच्या युनियनची आयरिश प्रतिनिधी मला एकदा वैतागून म्हणाली होती, "तुमच्या वॉर्डात काही अडचण आहे हे मी सिद्ध कसं करू? तुमचं रोस्टर सगळ्यात छान चाललंय!"

या वेळी मी ठरवलं, बास. रविवारी सगळ्यांना मिसळीला बोलावलं आणि सरळ सांगितलं, माझ्या ड्यूट्या कोणीही घ्यायच्या नाहीत. बदली डॉक्टर हॉस्पिटललाच आणू दे. आधी चुळबूळ झाली. आपण डॉक्टर, आपण काय गिरणी कामगार आहोत का, असंही एकजण म्हणाला. तेव्हा माझ्या नवऱ्यानं उभं राहून बेसबॉलची अख्खी कथा ऐकवली आणि शेवटी टाळी घेतली. सगळे म्हणाले, ठरलं म्हणजे ठरलं.

कसलं ठरलंय, डोंबल! मंगळवारपासून एकेकाचा खासगी मेसेज. "ताई, ग्रुपवर बोलू नका, तुमचा शनिवार मी करतो." "कोणाला सांगू नकोस हं, रविवार माझ्याकडे." प्रत्येकाचं मन सोन्यासारखं आणि प्रत्येकाला वाटतंय की फुटलेला तो एकटाच. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. एकेकाला नको नको म्हणता म्हणता माझा जीव मेटाकुटीला आला.

बुधवारी रोस्टरवाल्या बाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या आणि अंगठा दाखवून म्हणाल्या, "सॉर्टेड! सर करतायत तुझ्या सगळ्या ड्यूट्या."

सर म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. कन्सल्टंट न होता वर्षानुवर्षं रजिस्ट्रारच राहिलेले, कोणाचीही ड्यूटी कधीही घेणारे. मी तशीच त्यांच्याकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "अगं, तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. फार काळजीत होता बिचारा."

माझं डोकंच फिरलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! रविवारी टाळ्या घेणारा हा माणूस बुधवारी संप फोडून मोकळा!

घरी जाऊन मी जे तोंड सोडलं ते शेजारच्यांनाही भाषेशिवाय कळलं असणार. तो म्हणाला, "तुझं शनिवारचं विमान हुकलं असतं तर? ते खेळाडू होते गं. ही तुझी आई आहे."

भीती मलाही वाटत होती. आई ऑपरेशन थिएटरमध्ये आणि मी इथे वॉर्डात, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण आज मी गप्प बसले, तर बाई पुढच्या पोरीलाही हेच सांगणार, तिनं शोधलं ना माणूस, मग तूही शोध.

सकाळी मी सरांना सांगितलं, तुम्ही नाव मागे घ्या. ते दुखावले. "आईपेक्षा युनियन मोठी झाली का गं?" म्हणाले. तरी माझ्याबरोबर बाईंकडे आले आणि खाली मान घालून म्हणाले, "मला जमणार नाही." कोणाला नाही म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. बाईंचा चेहरा उतरला. पेशंटचं काय, वॉर्डाचं काय, सगळं ऐकवून झालं. मी म्हटलं, माझी रजा नियमात बसते, माणूस तुम्ही बघा.

शुक्रवारी दुपारपर्यंत काही उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. घरी बॅग अर्धीच भरलेली, आणि मी आईला फोनवर खोटंच सांगितलेलं, निघतेय म्हणून. सर आणि मी डॉक्टरांच्या खोलीत चहा घेत बसलो होतो, दोघंही एकमेकांकडे न बघता. तेवढ्यात बाई दारातून डोकावल्या.

"मिळाला बघ एकजण. तुझ्या सगळ्या ड्यूट्या करेल तो. तू जा, आईला माझा नमस्कार सांग."

"कुठून मिळाला?" मी विचारलं.

"बदली डॉक्टरांच्या एजन्सीला फोन केला की."

"एक फोन?"

"हो, एकच. अगं, याआधी कधी करावाच लागला नाही. तुम्ही मंडळी आपापसात किती छान सांभाळून घेता!" खरंच कौतुकानं म्हणाल्या त्या, आणि गेल्या.

मला आधी हायसं वाटलं आणि मग असा संताप आला, की कप आपटावासा वाटला. मी काहीतरी चिडून बोलणार, तेवढ्यात सरांकडे लक्ष गेलं. ते अजून दाराकडेच बघत होते.

"वडील गेले तेव्हा मी ग्रुपवर सगळ्यांना विचारलं होतं," ते म्हणाले. "त्या आठवड्यात कोणालाच जमत नव्हतं. म्हटलं, जाऊ दे, कुणाचा इलाज आहे? अग्नी चुलतभावानं दिला. मी इथे राउंड घेत होतो."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "एकच फोन म्हणाली ना ती?"