दाखल क्रमांक चार

आमच्या मुलुंडच्या वाचनालयाला कुणा दानशूराने चार लॅपटॉप दिले आणि ग्रंथपाल बाईंनी त्यांची पुस्तकं केली. अतिशयोक्ती नाही हो! प्रत्येकाला बाहेरून खाकी कव्हर, कव्हरवर शिक्का, आत दाखल क्रमांकाचं लेबल. कादंबरी नेतो तसंच कार्ड भरायचं, फक्त बसायचं वाचनकक्षातच. इंटरनेट फुकट, बाईंची नजरही फुकट.

एरवी मला या थाटाची मजा वाटली असती. पण नऊ वर्षं घरी बसल्यावर मुलाखतीचं पहिलं बोलावणं आलं होतं, तेही ऑनलाइन. घरचा लॅपटॉप लेकीच्या ऑनलाइन शाळेत शहीद झालेला. फोन चालणार नाही, असं कंपनीने बजावलेलं. "सध्या काय करतेस गं?" या प्रश्नाला "काही नाही" म्हणून म्हणून माझा जीव विटला होता. ही संधी गेली तर पुन्हा कोण विचारतंय मला?

बाईंना आदल्या दिवशीच सांगितलं, मला बोलावं लागेल. "हळू बोला," एवढी परवानगी मिळाली. जणू मी तिथे कांदे विकायला बसणार होते.

पावणेअकराला चार नंबरचा लॅपटॉप घेऊन बसले. समोर "शांतता राखा"ची पाटी, मागे पेपर वाचणारे सात-आठ काका, निम्म्यांना खोकला. अकराला पडद्यावर तीन चेहरे उगवले. माझ्या चौकोनात मात्र काळोख.

"मॅडम, तुमचा कॅमेरा?"

मी दिसेल ते बटण दाबलं. मग लक्षात आलं. दाखल क्रमांकाचं लेबल बाईंनी वर मधोमध, बरोब्बर कॅमेऱ्यावर चिकटवलं होतं! वाट लागली! मी नख घातलं.

"लेबल काढायचं नाही!" बाई टेबलावरूनच कडाडल्या.

"अहो, त्याखाली कॅमेरा आहे!"

"असू दे. लेबल गेलं की पुस्तक गहाळ धरतात."

पुस्तक! मला रडूच फुटलं. माइक चालू आहे हेही विसरले. "बाई, नऊ वर्षांनी कुणाला तरी मला बघायचंय हो!"

सगळे पेपर खाली आले. बाई उठल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि लेबल असं सोललं की एक कोपराही फाटला नाही. मग ते बोटाच्या टोकावर धरून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. हरवायला नको ना!

मी चाळीस मिनिटं बोलले, चांगली मोठ्याने. कुणी हटकलं नाही. दोन काका तोंडावर रुमाल दाबून बाहेर जाऊन खोकून आले. माझा घसा बसला तेव्हा बाईंनी रिकाम्या हाताने पाण्याची बाटली सरकवली. दुसऱ्या हाताचं बोट तसंच हवेत. मुलाखत संपल्यावर त्यांनी लेबल कॅमेऱ्याच्या डावीकडे चिकटवलं आणि अंगठ्याने दाबलं. त्यांची टिंगल करत आलेली मी बघत राहिले.

पंधरा दिवसांनी मेल आला. कंपनीने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं. मी वाचनालयात गेले तेव्हा बाईंच्या टेबलावर बाकीचे तीनही लॅपटॉप उघडे होते.

"नाही झालं," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "पुढच्या वेळी यातला कुठलाही घ्या," म्हणाल्या आणि तिसऱ्याचं लेबल सोलायला लागल्या.