एक इंच तीन सूत

आईच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत नऊ पावलं आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तेवढ्यासाठीही तिला मला हाक मारावी लागते आणि ते तिला अजिबात आवडत नाही. म्हणून भिंतीलगत, लाकडी ठोकळ्यांत अडकवून, धरायला एक दांडा बसवायचं ठरलं आणि सुतार मिस्त्रींना बोलावलं. घरातला जुना सागवानी दांडा मापला, तर जाडी एक इंच तीन सूत, म्हणजे दीड इंचाला एक सूत कमी.

“दीड इंचाचं भोक पाडा मिस्त्री. फटीत चिपा मारून अ‍ॅडजस्ट करू,” मी म्हणालो.

“आणि हलला म्हणजे मी काय धरू? तुला?” आई खोलीतून म्हणाली.

मिस्त्री हसले. त्यांनी पेटीतून हाताने फिरवायचं जुनं गिरमिट काढलं. टोकाशी आडवं पातं आणि ते आवळायला स्क्रू.

“आजोबांकडे प्रत्येक मापाला वेगळं गिरमिट होतं. पेटी उचलवत नसे. वडिलांनी हे घेतलं. पातं सरकवलं की माप बदलतं.”

ते ओझं कधीतरी कुणाला तरी असह्य झालं असणार, त्याशिवाय हे सुचलं नसतं.

टाकाऊ फळीवर पहिलं भोक सूतभर मोठं पडलं. दुसरं किंचित लहान. दर वेळी स्क्रू सैल करायचा, पातं सरकवायचं, पुन्हा करकचून आवळायचं. तिसरं बरोबर आलं. चालवून घेण्याला मी आजवर अ‍ॅडजस्ट म्हणत आलो. इथे मात्र माप सापडेपर्यंत हटायचं नव्हतं.

त्याच मापाची भोकं ठोकळ्यांना पाडली आणि दांडा बसला. आईने तो दोन्ही हातांनी हिसकून पाहिला. मी आधाराला पुढे झालो.

“बाजूला हो,” ती म्हणाली, “वाट अडवू नकोस.”