पुस्तकातला भाऊ

एकनाथआबा कादंबरी परत करायचे तेव्हा शेवटच्या पानात एक चिठ्ठी असायची. ‘चूक : सासऱ्याची.’ ‘चूक : दोघांची, पण मास्तरची जास्त.’ दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांची उभी हयात गेली होती. तिथं संच बंद पडला की चौकशी बसायची. निवृत्त होऊन फैजपूरला आले आणि तीच चौकशी त्यांनी आमच्या वाचनालयातल्या कादंबऱ्यांवर बसवली. मी तिथली ग्रंथपाल. पुढच्या वाचकाचा रसभंग नको म्हणून मी चिठ्ठ्या काढून टाकायची आणि आबांना चार शब्द सुनावायची. ते शांतपणे म्हणायचे, “ताई, मशीन उगाच बंद पडत नाही. माणूसही नाही.”

तीन वर्षांपूर्वी एक नवी कादंबरी आली, आमच्याच केळीच्या पट्ट्यातली. तिच्यातला प्रभाकर आपल्या बहिणीला, विमलला, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला माहेरी आणतो. निंबाला झोका बांधून देतो, पुरणाचे मांडे होतात, आणि भर दुपारी तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवतो. वडिलांच्या बागेवरचा हक्क सोडला, म्हणून सही कर. विमल सही करते, संध्याकाळच्या गाडीनं सासरी जाते आणि पुन्हा त्या घराचा उंबरा चढत नाही.

वाचकांच्या बैठकीत बायकांनी प्रभाकरला पार धुऊन काढलं. “मेल्यानं निदान सण तरी सोडायचा!” असं एकीनं म्हटलं आणि टाळ्या पडल्या. आबा तेवढे एकटे त्याच्या बाजूनं. त्यांची चिठ्ठी होती, ‘चूक : बहिणीची. मनात होतं तर बोलली का नाही?’

दोन दिवसांनी त्यांनी तीच कादंबरी पुन्हा मागितली. मग तिसऱ्यांदा. या दोन्ही वेळी चिठ्ठी नव्हती, पण जीभ चालूच होती. कायद्यानं केलं, जगरहाटी आहे, सगळेच करतात. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “आबा, तुम्हाला सख्खी बहीण नाही वाटतं?”

आबा टेबलाची कड धरून उभे राहिले. “आहे ना. अक्का. शिरपूरला दिली. सतरा वर्षं झाली, आली नाही. पाय दुखतात म्हणते.”

ते खुर्ची ओढून बसले.

“मीच मुराळी होऊन गेलो होतो आखाजीला, तिला आणायला. दुपारी कागद पुढे केला. तिनं पिठाचे हात पदराला पुसले अन् सही केली. वाचलासुद्धा नाही.” मग एकदम आवाज चढला. चिडले की त्यांची बोली बाहेर यायची. “मले एक सांगा ताई, या लेखकाले हे कोनं सांगितलं? आमच्याच गल्लीतलं कोनीतरी फुटलंय!”

लेखक कुठला कोण, त्याला फैजपूरची गल्ली ठाऊक असायचं कारण नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. वर्षभर ते शेजाऱ्यांवर संशय घेत होते.

पुढच्या आखाजीच्या आधी आबा कादंबरी घेऊन गेले ते पंधरा दिवस फिरकले नाहीत. आले तेव्हा दाढी घोटलेली, चेहरा हलका. म्हणाले, “शिरपूरला जाऊन आलो. अक्काला आता दिसत नाही नीट. रोज बसून वाचून दाखवली. पूर्ण.”

“माफी मागितली का?”

“पूर्ण वाचली म्हटलं ना!”

“आणि अक्का आल्या?”

“पुढच्या वर्षी आखाजीला येते म्हणाली. माझ्या घरी आली की बोलतो सगळं. तिथं तिच्या लेकासुनांसमोर, नातवंडांसमोर कसं बोलायचं?”

मला राग आला होता. इतकी पानं मोठ्यानं वाचता येतात आणि दोन शब्द बोलता येत नाहीत म्हणजे काय! तसं मी तोंडावर बोललेही. आबा म्हणाले, “ताई, वाचणं सोपं असतं.”

त्या हिवाळ्यात आबा गेले. सकाळी अंगणात बसले होते, उठलेच नाहीत. अक्का दहाव्याला आल्या, नातवाचा खांदा धरून. मी भेटायला गेले आणि न राहवून सांगितलं की आबा तुमच्याशी बोलणार होते, आखाजीला.

पन्नास वर्षांत अक्कांची बोली पुरती शिरपूरची झाली होती. “मले माहीत शे,” त्या म्हणाल्या. “रोज वाची दाखाडे अन् रोज इचारे, अक्का, त्या प्रभाकरनी चुकी शे का? मी सांगं, शे. मंग मान खाले घाली बशी राहे. शेवटला दिन इचारं, त्याले माफी भेटी का? मी सांगं, भेटी. लई रडना.”

“मग झालं की, अक्का. त्यांच्या मनातलं पोचलं तुमच्यापर्यंत.”

अक्कांनी मान हलवली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी माझ्याकडेच बघत होत्या.

“नही वं माय. त्यानी पुस्तकमधला भाऊनी माफी मांगी, मी बी पुस्तकमधला भाऊलेच माफ करं. मना सख्खा भाऊनं तसंच राही गयं.”