आम्ही चंद्रीला पुण्याला नेलं

चंद्री टेम्पोत चढायला तयार नव्हती आणि दादा एकही शिवी न देता "चल गं बाय, चल माजी लक्ष्मी" म्हणत तिच्या मागेपुढे करत होता. तेवढ्यावरूनच मी ओळखलं, आज स्वारी फार खुशीत आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. भीमेकाठी त्याची शेती, आणि घोड्यांच्या बाबतीत पंचक्रोशीत त्याचा शब्द शेवटचा. कुणाचं घोडं लंगडलं, कुणाची घोडी अडली, की माणसं आधी दादाच्या अंगणात येणार, मग गुरांच्या दवाखान्यात जाणार.

त्याचा एकुलता एक प्रसाद पुण्यात संगणकाच्या कंपनीत लागला. तिथल्याच मृदुलाशी त्याचं जमलं. मुलगी शनिवार पेठेतली, लग्न पुण्यात, जेवण उभ्याने घ्यायचं. दादाने सगळ्याला मान डोलावली. अट एकच घातली. आमच्या घरचा नवरदेव परण्याला (लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो, त्याला) घरच्याच घोडीवरून जाणार. पुण्यात घोडी भाड्याने मिळते, असं प्रसादने जरा भीत भीत सुचवलं, तर दादा म्हणाला, "भाड्यानं उद्या बाप बी मिळंल. तो बी आण."

झालं! लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि वहिनी, मागे चंद्री आणि तिला धरून दादा. सोबत ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत चंद्रीची जरीची झूल, घुंगूरमाळ, लोकरीचे गोंडे, डोक्याचा तुरा. वहिनी म्हणाली, "माझ्या लग्नात मला एवढं नव्हतं घातलं." चंद्रीही अशी देखणी की तिला शोभायचं. बदामी रंग, आणि कान सतत कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे. प्रसाद शाळेत असताना ती जन्मली. घोड्यावर बसायला शिकला तोही तिच्याच पाठीवर, पडलाही तिच्याच पाठीवरून.

भिगवणला चहा घेतला. तिथे मासळीची हॉटेलं रांगेने, ड्रायव्हरचा जीव अगदी घुटमळत होता. पण लग्नघर म्हणून दादाने त्याला पोह्यांवर गप्प बसवलं. यवतच्या पुढे एका मळ्यात विहिरीचं पाणी मागितलं. चंद्रीने बादलीत तोंड घातलं ते तळ दिसल्यावरच वर काढलं. मळेवाला म्हणाला, "जनावर खानदानी हाय." दादाची मान ताठ झाली.

हडपसरला शिरलो आणि आमचं पुणं हरवलं. लहानपणी मी आले होते तेव्हा इथे भाजीचे मळे होते. आता एकीकडे उड्डाणपुलाचे खांब, दुसरीकडे काचेच्या इमारती, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरंपोरी. टेम्पो सिग्नलला थांबला की ती मोबाइलमध्ये चंद्रीचे फोटो काढायची. एका इमारतीच्या काचेत चंद्रीला दुसरी घोडी दिसली. ती मोठ्याने खिंकाळली, काचेतली गप्पच. मला हसू आलं आणि लगेच कसंतरीच वाटलं.

प्रसादचा फ्लॅट खराडीला. चंद्रीला रात्रीपुरतं पार्किंगमध्ये बांधावं, असा आमचा साधा बेत. सोसायटीचे सेक्रेटरी चष्मा पुसत खाली आले.

"अहो, हे काय?"

"घोडी हाय," दादा म्हणाला.

"ते दिसतंय. नियमावलीत घोड्याचा उल्लेख नाही, पण म्हणून परवानगी आहे, असा अर्थ आपण काढू नये."

शेवटी खराडीतच असलेल्या लग्नाच्या लॉनवर, स्वयंपाकाच्या मांडवामागे लिंबाचं झाड होतं, तिथे तिला बांधलं. लॉनच्या माणसाने टँकरच्या पाण्याची बादली आणून ठेवली. चंद्रीने ती हुंगली, फुरफुरली आणि तोंड फिरवलं. त्या पाण्याला औषधाचा वास येत होता, मलाही आला. "पियील तहान लागल्यावर," दादा म्हणाला.

दुपारी वहिनी आणि मी मंडईत फुलं आणि विड्याची पानं घ्यायला गेलो. मंडईची ती उंच दगडी इमारत जागच्या जागी पाहून जीव थंड झाला. एका पानवालीला "पानं ताजी आहेत ना?" असं विचारलं, तर म्हणाली, "नाही हो, खास तुमच्यासाठी शिळी ठेवलीत." वहिनीला राग आला. मला मात्र आपण पुण्यात आहोत याची खात्री पटली.

तिथून जवळच शनिवार पेठेत मृदुलाच्या काकांकडे चहाला बोलावलं होतं. दादाही तिथे आला. वडील नसलेल्या मृदुलाचं सगळं हे काकाच बघत. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. चहा, बाकरवडी, चौकशी, सगळं रीतसर झालं. मग कप खाली ठेवत ते म्हणाले, "आपली घरची घोडी आहे म्हणे. उत्तम. फक्त लॉनवाल्याने कालच नवीन कार्पेट घातलंय, आणि आमच्याकडची मंडळी जरा... म्हणजे तिचं नैसर्गिक जे काय असेल ते तेवढं बाहेर उरकून घ्या."

दादाचे कान लाल झाले. "व्हय जी. एक थेंब पडायचा न्हाई," एवढंच म्हणाला.

त्या "एक थेंब"चा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. चंद्रीपुढे कडबा होता, बादली मात्र मांडवाच्या पार पलीकडे उपडी ठेवलेली. मी विचारलं तर दादा म्हणाला, "मिरवणुकीच्या घोडीचं पाणी आधल्या दिसापास्नं तोडत्यात. आपले आबा बी तोडायचे. भर वरातीत जनावरानं घाण केली की धन्याची लाज जाती." हे खरंच आहे. आमच्याकडे ही पद्धत आहे, पण गावात वरात वेशीपासून मारुतीपर्यंत, आणि लगेच ओढ्यावर पाणी. इथे मारुती कुठल्या कुठे, वर चैत्राचं ऊन, आणि टँकरच्या पाण्याला तर तिने तोंडच लावलेलं नव्हतं. हे सगळं आता सुचतंय. तेव्हा मी हळदीचं ताट शोधायला पळाले.

परण्या मात्र असा निघाला की बघत राहावं! चंद्री पुढचा पाय उचलून टाकायची तर घुंगूरमाळ ताशाच्या वर ऐकू यायची. निघताना बायकांनी तिला ओवाळून भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारली. ही आमची रीत. घरच्या पाचजणींनी मूठभर चारायची. पण प्रसादच्या कंपनीतल्या मुलींना हे फारच गोड वाटलं. "आंटी, मी पण? मी पण?" करत एकेक ओंजळ घेऊन पुढे येत राहिली. दादा हसत म्हणाला, "खाऊ द्या, आज तिचा मान हाय." कार्पेटवर एक थेंब पडला नाही. काकांनी लांबून दादाला मान हलवून दाद दिली आणि दादा नवरदेवापेक्षा जास्त फुलला.

अंतरपाट धरला तेव्हा ड्रायव्हर मागून आला आणि मला खुणावलं. मी आणि दादा लिंबाखाली धावलो. चंद्री घामाने निथळत होती. पायाने जमीन उकरायची, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघायची, गुडघे मोडून खाली बसू पाहायची. तिला शूळ (घोड्याची पोटदुखी) धरला होता. दादाने झूल ओढून फेकली, तिला उठवलं आणि चालवायला लागला. "तेल आण गं, हिंग आण, बाटलीनं पाजतो," तो ओरडत होता. मंगलाष्टकं चालू होती, आणि लॉनच्या कोठीतून मी हिंग मागतेय.

प्रसादचे मित्र गोळा झाले. एकाने गाडीतून लॅपटॉप काढला, दुसरा एकेक दवाखान्याला फोन लावू लागला. "घोडा? आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो." "घोड्याचं इथे होत नाही, आणि लग्नात घोडा आणलात कशाला?" एकाकडे तर पोपटापर्यंत सोय होती. तेवढ्यात अमरावतीकडचा एक मुलगा म्हणाला, "अबे थांबा ना! मी खडकीले राह्यतो, माहे घरमालक फौजेत घोड्याईचे डॉक्टर होते." त्याने फोन लावून दादाच्या हातात दिला. पलीकडून खणखणीत आवाज आला, मलाही ऐकू आला: "तोंडाने काही पाजू नका. फुप्फुसात गेलं तर तेच मारेल. खायला बंद. लोळू देऊ नका, सावकाश चालवा. मी निघालो."

दादाच्या हातात तेलाची बाटली तशीच राहिली. त्याने ती खाली ठेवली. दुसऱ्याचं ऐकून घोड्याच्या बाबतीत हात मागे घेतलेला दादा मी पहिल्यांदा पाहिला.

खडकीहून खराडीपर्यंत यायला डॉक्टरांना किती वेळ लागला ते मी सांगत नाही. पुलांची कामं, लग्नसराई, वाहनंच वाहनं. आम्ही चंद्रीला लॉनच्या भिंतीलगत चालवत होतो. पलीकडे पंगती... नाही, पंगती कसल्या, ताटं हातात धरून माणसं उभी होती. प्रसाद मुंडावळ्यांसकट धावत आला, मागोमाग शालू सावरत मृदुला. त्याने चंद्रीच्या कपाळाला कपाळ लावलं. दादा खेकसला, "जा. माणसं खोळंबलीत. मी हाय हितं." प्रसाद गेला नाही. मृदुलाही नाही.

डॉक्टर आले. पिकलेल्या मिशा, जुनी कातडी पिशवी. त्यांनी पोटाला नळी लावून ऐकलं, हिरड्या पाहिल्या, नाकातून लांब नळी घातली, इंजेक्शन दिलं. चंद्री जरा शांत झाली, आमच्या जिवात जीव आला. पण थोड्याच वेळात ती पुन्हा कोसळली, आणि कितीही ओढलं तरी उठेना. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हातमोजा घालून आतून तपासलं.

"पाणी कधी प्यायली होती?"

"काल. यवतला," दादा म्हणाला.

"आणि कोरडा कडबा? वर डाळ?"

दादाने मान हलवली.

"आतडं तटलं, फुगलं आणि आता पीळ पडलाय. पोट उघडायला लागेल. त्या सोयीच्या जागेपर्यंत ही पोचणार नाही." डॉक्टर मातीतच बसले. "नव्या जागी घोडं पाणी पीत नाही, दादा. घरचं पाणी पिंप भरून आणायचं. ते नसलं तर गूळ कालवून बघायचं. आणि तोडायचं तर कधीच नाही. निघायच्या आधी एवढं तरी विचारायचं, की तिथे घोड्याचा डॉक्टर कोण आहे?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला काय काय आठवलं! वीज गेली तर म्हणून लॉनवर दुसरा जनरेटर होता. टेम्पोला जादा टायर होतं. भटजींनीसुद्धा जादा जानवं आणलं होतं. चंद्रीसाठी आमच्याकडे झूल होती.

"तिला फार दुखतंय," डॉक्टर म्हणाले. "सोडवू का?"

दादाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे कान तेव्हाही त्याच्याकडेच वळलेले होते. तो तिच्या कानात काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. मग त्याने डॉक्टरांकडे न बघता हात जोडले.

काका केव्हा येऊन उभे राहिले कुणास ठाऊक. पगडी काढून हातात धरली होती. "मी कार्पेटचं म्हणालो होतो हो," ते म्हणाले. "पाण्याचं नाही."

"तुमी पावणं," दादा म्हणाला. "घोडी माजी."

तिला गावी नेऊन शेतात पुरायचं दादाच्या मनात होतं. पण एवढा उन्हाळा, एवढा रस्ता. महापालिकेची गाडी आली. आपल्या मातीत तिला ठेवता आलं नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं. पुण्याला मी काय बोल लावू? परक्या गावाने त्याच्या परीने जे होतं ते दिलं, डॉक्टरही दिला. आम्हीच त्या गावाची काही माहिती न घेता, नुसता मान सांभाळत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. नवरानवरी मागून मोटारीत. दादा टेम्पोत मागेच बसला, पुढे ये म्हटलं तरी आला नाही. भिगवणला कुणी चहाला उतरलं नाही.

गावच्या वेशीवर बायका भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, मागे बाप्ये. टेम्पोचं फळकूट उघडलं, आत एकटा दादा, घोडी नाही. काय झालं ते ड्रायव्हरने हळूच सांगितलं. मग आमची एक म्हातारी चुलती मोटारीतून उतरणाऱ्या मृदुलाच्या पायांकडे बघत शेजारणीला म्हणाली, "अगं बाई! लग्नाच्या दिशीच? हिचं पाऊल पडायच्या आदीच घरची लक्ष्मी..."

पुढचा शब्द काय येणार ते वेशीवरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पांढऱ्या पायाची. एकदा चिकटला की जन्मभर सुटत नाही. मृदुलाला तो ठाऊक नव्हता, ती आपली नमस्काराला वाकत होती.

"काकू!" दादा टेम्पोतून उतरून मधे आला. सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलला. "घोडी म्या मारली. पाणी तोडलं, कोरडा कडबा घातला, वरनं डाळ चारू दिली. मला घोड्यातलं काय बी कळत न्हाई, हे ध्यानात ठिवा. पोरीचा काय संबंध? ववाळा तिला."

काकूने ओवाळलं.

आता घोडं आजारी पडलं की माणसं आमच्या दारावरून पुढे, सरळ तालुक्याला जातात. दादा ओट्यावर बसून बघत असतो. मृदुलाला मात्र आजपर्यंत गावात कुणी एक शब्द बोललेलं नाही.