बांधलंय, उघडलेलं नाही

आज लोक मला फोटोग्राफर म्हणून ओळखतात, ते आक्कांमुळे. आईबाबांसमोर मी हे बोललो आहे आणि त्यांनाही ते मान्य आहे. आक्का नात्यातल्या नव्हेत. बेळगावात कॅमेऱ्याच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये त्या काउंटरवर बसत. सगळेच त्यांना आक्का म्हणत.

वस्तू समोर ठेवली तरी त्या आधी वस्तूकडे बघत नसत, माणसाकडे बघत. चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "काय झालतं, खरं सांग. मी रागवत न्हाय." समोर साठीचे गृहस्थ असोत की कॉलेजची पोरगी, वाक्य हेच.

तुम्हीही अशा काउंटरपुढे कधीतरी उभे राहिला असाल. तिथं आपण सगळेच थोडं खोटं बोलतो. एकाही गिऱ्हाइकाच्या हातून वस्तू पडलेली नसते. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी माझ्यापुढे संकेश्वरचे एक गृहस्थ होते. कॅमेऱ्याला पाण्याचा थेंब लागलेला नाही, असं शपथेवर सांगत होते. आक्कांनी कॅमेरा शांतपणे उलटा केला. काउंटरवर पाणी ठिबकलं आणि पाठोपाठ शेवाळाचा एक तंतू.

"ह्यो पवायला गेलता व्हय?"

गृहस्थांनाच हसू फुटलं. "हिरीत पडला ओ, आक्का."

"मग तसं सांगा की. आता काम सोपं झालं."

आता माझं सांगतो. बेळगावला लागूनच असलेल्या वडगावात आमच्या घरी माग आहेत. घरात बी.ए. झालेला मी पहिला. बी.ए. होऊन मी कॅमेरा घेतला, तेव्हा चुलते म्हणाले, "एवढं शिकून फोटोच काढायचं हुतं तर आधीच काढायचं न्हाय का?" वर्षभर मी वाढदिवस आणि बारशी केली. मग निपाणीच्या एका साडीच्या दुकानानं बोलावलं. रविवारी दुकान बंद असतं, त्या एका दिवसात चाळीस साड्यांचे फोटो काढायचे. ते जमले तर त्यांचे सगळे कॅटलॉग माझे. नाही जमले तर चुलत्यांचं म्हणणं खरं.

सगळ्या साड्या एकाच उंचीवरून, एकाच कोनातून दिसायला हव्या होत्या. म्हणून मी नवा ट्रायपॉड घेतला. गुरुवारी घरी सराव करताना, कॅमेरा घट्ट धरणारा त्याचा खटका कट्‌कन तुटला. कॅमेरा मी कसाबसा वरच्या वर झेलला.

बाबांनी ते पाहिलं. आमच्या घरात तुटलेलं काही टाकत नाहीत. दिवसभर तुटलेले धागे जोडणारा माणूस दुसरं काय करणार? त्यांनी ताण्याचं सूत घेऊन खटक्याला वेढे घातले, गाठ मारली आणि सूत कडक होण्यासाठी वरून ताण्याला लावतात ती चिंचोक्याची खळ चोपडली. "आता हत्ती बांध," म्हणाले. हत्ती राहिला असता, पण कॅमेरा कायमचा डावीकडे कललेला राहिला.

मित्र म्हणाला, "घरी दुरुस्ती केलीस? गेली तुझी वॉरंटी." मग शुक्रवारी सकाळी मी ब्लेडनं सूत कापलं, ओल्या फडक्यानं खटका पुसला आणि बेळगावातलं ते सर्व्हिस सेंटर गाठलं.

"खरं सांग."

"आपोआप तुटलं, आक्का. मी काय केलं न्हाय."

त्यांनी ट्रायपॉड खिडकीच्या उजेडात धरला. नखानं फटीतून काहीतरी खरवडलं आणि नाकाशी नेलं. माझे कान तापले.

"वडगावचा काय रं तू?"

"व्हय."

"घरात माग हाईत?"

"व्हय."

"चिंचोक्याची खळ ही. माझं माहेर शहापूर, तिथंबी घरोघरी माग. ह्या वासातच वाढलो आम्ही."

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. सूत, गाठ, ब्लेड, रविवार, चुलतेसुद्धा. आक्कांनी फक्त दोन प्रश्न विचारले.

"स्क्रू फिरवला?"

"न्हाय."

"आत काय घातलं?"

"न्हाय. नुसतं बांधलं."

त्यांनी फॉर्म ओढला आणि इंग्रजीत लिहिलं: खटका वापरताना तुटला, नंतर ग्राहकाच्या वडिलांनी तो सुतानं बांधला.

"आक्का, ते बाबांचं लिहू नका ना."

"का? चोरी केली त्यांनी?"

त्यांनी कंपनीला फोन लावला. आमच्याशी मराठी, शेजारच्या टेबलाशी कन्नड, आणि फोनवर खणखणीत हिंदी. "सर, बांधा है, खोला नहीं है... आप सुनिए तो सही. पट्टी बांधने से हाथ नहीं टूटता, टूटा इसलिए बांधा." पलीकडून बराच वेळ गाणं वाजत राहिलं. माझ्यामागे कडोलीचे एक मास्तर उभे होते. ते म्हणाले, "आक्का, साक्षीदार लागला तर माझी सही घ्या." संकेश्वरचे गृहस्थही पावती घेऊन निघायचे ते निकाल ऐकायला थांबले.

"थँक्यू, सर." आक्कांनी फोन ठेवला. "पुरा ट्रायपॉड बदलून मिळतोय. आठ दिवसांत येईल."

मला हसावं की रडावं कळेना. रविवार तर परवावर आला होता. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोन लावला, कुणाची तरी परवानगी घेतली आणि उठून काचेच्या कपाटात मांडलेला तसाच ट्रायपॉड काढला. "ह्यो तुझा. येणारा कपाटात बसंल." तो मला तीनदा उघडायला आणि मिटायला लावला. "आवाज ऐक. असा वाजला तरच खटका बसला म्हण."

मास्तरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी जिना उतरलो की उडालो, आठवत नाही. ट्रायपॉड खांद्यावर टाकून भर उन्हात अर्ध्या वाटेपर्यंत चालत आलो, तेव्हा लक्षात आलं की आपण स्कूटरवरून आलो होतो. परत गेलो तर आक्का खिडकीतून ओरडल्या, "गाडी बदलून मिळत न्हाय रं हितं!"

रविवारी चाळीस साड्या झाल्या. कॅमेरा केसभरही हलला नाही. दुकानदारांनी फोटो बघितले आणि विचारलं, "दिवाळीचा कॅटलॉग कधी करूया?"

त्यानंतर मी काही मोडलेलं नसतानाही आक्कांकडे जायचो. "काय मोडलं?" "काय न्हाय." "मग गर्दी कशाला करतोस? बस, च्या घे." मागच्या महिन्यात गेलो तर काउंटरवर दुसऱ्या बाई होत्या. आक्कांची हुबळीला बदली झाली होती. मी तिथला पत्ता घेतला आणि हे पत्र पाठवलं:

आक्का,

नमस्कार. सोबत निपाणीच्या दुकानाचा कॅटलॉग पाठवतो आहे. छापून यायला वेळ लागला.

नवव्या पानावर गर्द हिरवी साडी आहे. ती आमच्या बाबांच्या मागावरची. त्या रविवारी घडी उघडताना काठावरून मी ओळखली. दुकानदारांना म्हटलं, खाली विणणाऱ्याचं नाव घालूया. ते म्हणाले, तशी पद्धत नाही. तुम्ही असता तर फोन लावला असता. मला तसं भांडता येत नाही. म्हणून तुमच्या प्रतीत त्या फोटोखाली मी पेनानं बाबांचं नाव लिहिलं आहे.

बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "बाईंना पाठवतोस न्हवं? मग अक्षर नीट काढ की रं." म्हणून पहिलं खोडून पुन्हा लिहिलं. दुसरं वाचा.

तुमचा,
वडगावचा