सांगू नको, करून दाखव!

जुने खेळाडू भेटले की जिंकलेल्या कपांच्या गोष्टी निघतात म्हणे. आमच्या अमडापूरच्या हुतूतू टीमचं तसं नाही. आम्ही भेटलो की कमरांच्या गोष्टी निघतात! तेव्हा मराठी राज्य नुकतंच झालं होतं, आम्ही विशीतले, आणि कमरा मात्र साठीच्या. प्रत्येक गोष्टीत आमचे पीटीचे इंगळे सर असतातच.

\*

माझीच घ्या. चढाईत वाकलो की कमरेत अशी कळ यायची, की डोळ्यांपुढे काजवे! चिखलीचे डॉक्टर म्हणाले, "पडून राहा. खेळ बंद." आणि शेगावची टुर्नामेंट दोन महिन्यांवर! रडकुंडीला येऊन सरांकडे गेलो नि कळ कुठून निघते, कुठं जाते, सगळं सांगायला लागलो.

"सांगू नको, करून दाखव."

सरांनी मला पुढं वाकवलं, मागं झुकवलं, एका पायावर उभं केलं, भरली बादली उचलायला लावली. स्वतः नुसते पाहत बसले. मग म्हणाले, "खुब्यांले कुलूप लावून ठेवलं का बे? सारा कमरेतूनच वाकून राह्यला तू!"

औषध काय, तर एक काठी! ती पाठीवर उभी धरायची. डोकं, पाठ आणि माकडहाड काठीला टेकलेलं ठेवून खुब्यातून वाकायचं. रोज पन्नास वेळा.

\*

अंगणात सुरू केलं. बाबा दोन दिवस गुपचूप पाहत होते. तिसऱ्या दिवशी भडकले.

"वाकाचंच हाय त वावरात वाक ना! कापूस वेचाचा पडला हाय तिथं!"

गेलो. दिवसभर कापूस वेचला, तोही खुब्यातून! खेळायचं म्हणजे खेळायचंच होतं मला.

\*

आमचा बाबाराव म्हणजे पकडीतला पहाड. कंबर त्याचीही दुखायची. त्याला सरांनी पोटावर झोपून हातांवर छाती उचलायला सांगितलं होतं. पण मला गुण आलेला पाहून गडी चोरून माझीच काठी करायला लागला, आणि चार दिवसांनी वाकडा होऊन आला!

सर म्हणाले, "दुसऱ्याचा चष्मा लावून एस्टी चालवतं का कोणी?"

"पण सर, कंबर त कंबरच ना!"

"असं? मंग त्याची चढाई तू कर उद्यापासून!"

बाबारावानं त्याच दिवशी काठी परत केली.

\*

टुर्नामेंटला आठ दिवस उरले. मी रोज सरांपुढे वाकून दाखवायचो, बादली उचलून दाखवायचो. सर रोज म्हणायचे, "अजून नाही." एकदा तर संतापानं बादली आपटली मी. दुसऱ्या दिवशी तीच बादली घेऊन पुन्हा हजर!

शेवटी एका सकाळी सरांनी टीमच्या यादीत माझं नाव लिहिलं. सरांच्या पाया पडलो.

वरून आवाज आला, "हां! आता वाकला तू बरोबर!"

\*

शेगावला फायनल सोनाळ्याशी होती. आदल्या दिवशी लॉजच्या ओट्यावर त्यांचा कॅप्टन कंबर धरून बसलेला. आम्हाला गुदगुल्या! सरांनी मात्र त्याला हाक मारली.

"काय होते रे तुले? सांगू नको, करून दाखव."

आणि तासभर आमचीच काठी त्याच्या पाठीला! बाबाराव चिडून म्हणाला, "सर, कोणत्या बाजूनं दुखते त्याले, एवढं तरी सांगा!"

"ते त्याच्या कमरेचं हाय. तुह्या कामाचं नाही."

दुसऱ्या दिवशी सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई माझी. दोघांना शिवलो, रेघेकडे झेपावलो, आणि त्या कॅप्टननं वाकून माझा पाय धरला. मागून अख्खी टीम अंगावर! माझा हात रेघेच्या अलीकडेच राहिला. हरलो.

आमच्या बाजूनं एकट्या सरांनी टाळी वाजवली.

"पाह्यलं का! खुब्यातून वाकला!"

मग सर धावत माझ्याजवळ आले. मी पाच जणांखाली पालथा, तोंडात माती. गडी एकेक करून बाजूला झाले, तरी सर हात द्यायला तयार नाहीत. तिथंच उकिडवे बसले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

म्हटलं, "सर, हरलो. पण कंबर नाही दुखली."

"सांगू नको. उठून दाखव."